मुक्या प्रवाशाचा दाखला

महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागें शेवटपर्यंत चालत राहिलेला प्राणी एकच, आणि तो कुत्रा होता, ही कथा आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. इंद्रानें रथ उभा केला, कुत्र्यास स्वर्गांत जागा नाहीं असें बजावलें, आणि त्या मुक्या सोबत्यास टाकून वर जाण्याचें युधिष्ठिरानें साफ नाकारलें. वाद तत्त्वाचा होता, कागदांचा नव्हता. आज मुंबईहून लंडनास बिऱ्हाड हलविणाऱ्या कुटुंबानें घरचा कुत्रा किंवा मांजर बरोबर न्यावयाचें ठरविलें, तर त्यास हुज्जत घालणारा इंद्र कोणी भेटत नाहीं. भेटतो तो कागदांचा गठ्ठा. कातडीखालीं बसविलेल्या चिपचा क्रमांक, लस टोचल्याची तारीख, रक्ततपासणीचा निकाल, पशुवैद्याचा दाखला, त्यावर सरकारी अधिकाऱ्याचा शिक्का. ह्यांतील एखादी तारीख मागेंपुढें झाली तरी प्राण्याचा प्रवास अडतो, आणि तिकिटें हातांत घेऊन माणसें विमानतळावर उभीं राहतात.

हा गठ्ठा पाहून त्रासलेला गृहस्थ तो कोणा रिकामटेकड्या कारकुनाच्या डोक्यांतून निघाला असावा असें समजतो. आमचें मत तसें नाहीं. ह्या रकान्यांपैकीं बहुतेकांमागें कोठें तरी घडलेला अनर्थ आहे, आणि त्यांचा इतिहास पाहूं गेल्यास तो मुख्यतः इंग्लंडचा इतिहास आहे. त्या बेटानें एका भयंकर रोगाचें एकदां निर्मूलन केलें आणि पुढें शंभर वर्षें तो परत येऊं नये म्हणून समुद्रकांठावर पहारा ठेवला. तो पहारा प्रथम पिंजऱ्याचा होता. कागदाचा झाला तो अगदीं अलीकडे.

रोग फार जुना. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचें वर्णन आहे, आणि पाण्याच्या नुसत्या दर्शनानें रोगी भिऊं लागला म्हणजे त्याची आशा सोडावी असें तेथें सांगितलें आहे. ह्या लक्षणाचें 'जलत्रास' हें नांव युरोपीय वैद्यकांतील जुन्या ग्रीक नांवाशीं अर्थानें तंतोतंत जुळतें. लक्षणें दिसूं लागल्यावर मरण जवळजवळ निश्चित, ही गोष्ट आजही खरी आहे. खरी अडचण मात्र लक्षणांपूर्वीच्या काळाची. चावा आणि लक्षणें ह्यांमध्यें कुत्र्यांत बहुधा दोन आठवड्यांपासून चार महिन्यांपर्यंत काळ जातो. क्वचित् त्याहूनही अधिक. त्या अवधींत जनावर खातें, खेळतें, शेपूट हालवितें. त्याच्या अंगांत विष आहे कीं नाहीं हें जिवंतपणीं निश्चित सांगणारी परीक्षा त्या काळीं नव्हती आणि आजही नाहीं. पाश्चरनें १८८५ च्या जुलैंत जोसेफ मैस्तर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलास लस टोचून चावलेल्या माणसास वांचविण्याचा मार्ग दाखविला. परंतु बोटीवरून उतरणारा अनोळखी कुत्रा निर्दोष आहे कीं नाहीं, ह्या प्रश्नास त्या शोधानेंही उत्तर मिळालें नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत पिसाळलेल्या कुत्र्यांचा सुळसुळाट होता. सरकारनें प्रथम मुसक्यांचा उपाय योजिला. रोगाचा प्रादुर्भाव असेल त्या प्रदेशांत रस्त्यावरील प्रत्येक कुत्र्याच्या तोंडास तारेचें मुसकें असावें, असे हुकूम निघूं लागले. १८९५ सालीं शेतकी खात्याचे अध्यक्ष झालेले वॉल्टर लाँग ह्यांनीं हे हुकूम कसोशीनें अमलांत आणिले, आणि त्याबद्दल त्यांस श्वानप्रेमी जनतेच्या शिव्याशापांची पत्रें ढिगांनीं आलीं. १८९१ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल कॅनाइन डिफेन्स लीगनें मुसक्यांविरुद्ध चळवळ केली. शिकारी टोळ्यांतील कुत्र्यांस कामावर असतांना मुसक्यांतून सूट होती. त्यामुळें श्रीमंताच्या कुत्र्यास एक न्याय आणि गरिबाच्या कुत्र्यास दुसरा, असाही बोभाटा झाला, आणि तो अगदींच खोटा नव्हता. १८९७ सालीं परदेशच्या कुत्र्यांविषयींचा स्वतंत्र हुकूम निघाला आणि परवान्यावांचून कुत्रा उतरविण्यास बंदी झाली.

हें १८९७ साल महाराष्ट्रीय वाचकास निराळ्याच कारणानें स्मरणांत आहे. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा पास झाला, पुण्यांत प्लेगकमिटीचे गोरे सोजीर स्वयंपाकघरांत व देवघरांत शिरले, रेल्वेच्या स्टेशनांवर उतारूंची तपासणी झाली आणि 'क्वारंटीन' हा शब्द बायकापोरांच्या तोंडीं बसला. एकाच साम्राज्याच्या राजधानींत कुत्र्याच्या तोंडावरील तारेसंबंधीं मंत्र्यास जाब विचारला जात होता, आणि त्याच वेळीं येथें माणसांच्या घरांचे दरवाजे विचारपूस न करतां उघडले जात होते. रोग हटविण्याचा हेतु दोन्हीकडे खरा होता असें मानलें तरी ज्यांच्यावर इलाज करावयाचा त्यांचें ऐकून घेण्याची रीत दोन्हीकडे सारखी नव्हती, हें नमूद करणें भाग आहे.

मुसकें आणि परवाना ह्या दुहेरी उपायानें १९०२ सालीं इंग्लंड रोगमुक्त झालें. नव्या शतकाच्या आरंभापासून सहा महिन्यांचें क्वारंटीन हा कायम नियम झाला. रोगाचा सुप्तकाळ बहुधा चार महिन्यांचा, म्हणून सहा महिने कुत्र्यास एकटें ठेवावें. तेवढ्यांत तो पिसाळला नाहीं म्हणजे निर्दोष. ह्या पद्धतींत कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवावा लागत नसे. मालक लॉर्ड असो कीं खलाशी, पशुवैद्याचें पत्र असो कीं नसो, सर्वांस पिंजरा सारखाच. ही समता आम्हांस जुन्या पद्धतीचा मोठा गुण वाटते. तिचा दोष असा कीं सहा महिने म्हणजे कुत्र्याच्या आयुष्याचा लहानसहान तुकडा नव्हे. मांजरांसही हा रोग होतो. १९२८ च्या हुकुमानें तींही ह्याच नियमाखालीं आलीं.

नियम कडक झाला कीं चोरवाट निघते. पहिलें महायुद्ध संपत असतां, १९१८ सालीं, इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत रोग पुन्हां उद्भवला. फ्रान्समधून परतणाऱ्या सैनिकांनीं लपवून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला असें मानण्यांत आलें. चार वर्षें मरणाच्या छायेंत खंदकांत काढलेल्या शिपायास उबेला निजणाऱ्या कुत्र्याचा लळा लागावा, आणि त्यास परक्या मुलखांत सोडून येणें त्याच्या जिवावर यावें, हें आम्ही समजूं शकतों. प्राणिदयेच्या संस्थांनीं वर्गण्या गोळा करून शिपायांच्या कुत्र्यांच्या क्वारंटीनचा खर्च उचलला, तो हीच गोष्ट ओळखून. परंतु लपवून आणलेल्या थोड्या कुत्र्यांपायीं तीनशेंवर जनावरें रोगानें मेलीं, पुन्हां मुसकीं आलीं, आणि १९२२ सालीं ती साथ आटोपली.

ह्याच मोहाची आणखी एक गोष्ट ऑस्ट्रेलियांत घडली. जिम मूडी नांवाच्या सैनिकास १९४१ सालीं इजिप्तच्या वाळवंटांत एक लहानसा पांढुरका कुत्रा सांपडला. होरी हें त्याचें नांव. ग्रीस, क्रीट, सीरिया अशा मोहिमांत तो पलटणीबरोबर हिंडला. शत्रूचीं विमानें येत असल्याची चाहूल माणसांच्या आधीं त्यास लागत असे, असें सैनिक सांगत. १९४२ सालीं मूडीनें त्यास पाठीवरच्या पिशवींत घालून गुपचूप मायदेशीं आणलें. तीन वर्षें कोणास पत्ता नव्हता. पुढें त्याच्यावर आयन इड्रीस ह्यांचें पुस्तक झालें, होरीस समारंभांत मिरविण्याचें घाटलें, आणि क्वारंटीन खात्याच्या कानांवर वार्ता गेली. १९४५ च्या मार्चांत खात्यानें कुत्रा ताब्यांत घेऊन ठार केला. देशभर संताप उसळला. मूडीनें आपल्या होरीस दूर शेतावर पाठवून त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा, पांच शिलिंगांस घेतलेला बेवारशी कुत्रा अधिकाऱ्यांच्या हवालीं केला होता, असें बऱ्याच वर्षांनंतर पुढें आलें. तें खरें असेल तर ह्या कथेंत हकनाक मेला तो तिसराच. आणि कोणता कुत्रा होरी व कोणता नव्हे हें ठरविण्याचें साधन सरकारजवळ नव्हतें. हा मुद्दा वाचकांनीं लक्षांत ठेवावा; पुढें त्याचें काम आहे.

त्याच ऑस्ट्रेलियांत सत्तर वर्षांनीं, २०१५ सालीं, हॉलिवुडचा नट जॉनी डेप व त्याची तत्कालीन पत्नी अँबर हर्ड ह्यांनीं पिस्टल आणि बू हीं दोन चिमुकलीं कुत्रीं स्वतःच्या विमानांतून, कांहीं न कळवितां, आणिलीं. शेतकी मंत्री बार्नबी जॉइस ह्यांनीं मुदत दिली: कुत्रीं परत न्या, नाहीं तर तीं मारलीं जातील. कुत्रीं परत गेलीं. खटला चालला आणि २०१६ च्या एप्रिलांत श्रीमती हर्ड ह्यांनीं गुन्हा कबूल केला. तो गुन्हा विमानांतून उतरतांना भरावयाच्या कार्डावर खोटी माहिती दिल्याचा होता. शिक्षा झाली ती महिनाभर सद्वर्तनाच्या हमीची. होरीच्या वेळीं रागाचें लक्ष्य कुत्रा झाला; आतां तें कागदाकडे वळलें. आमच्या मतें ही सुधारणाच म्हटली पाहिजे.

इंग्लंडांत १९२२ नंतर जवळजवळ अर्धें शतक स्वस्थतेचें गेलें. मग १९६९ च्या ऑक्टोबरांत सरे परगण्यांतील कँबर्ली गांवीं फ्रिट्झ नांवाचा जर्मनीहून आणलेला कुत्रा पिसाळला. ह्यानें सहा महिन्यांचें क्वारंटीन नियमानुसार पुरें केलें होतें! सुटून थोडेच दिवस झाले होते. त्यानें माणसांस चावा घेतला, तो मोकाट धांवला, आणि आसपासच्या रानांतील कोल्ह्यांस संसर्ग झाला असेल ह्या भीतीनें तेथें बंदुकधारी माणसें फिरलीं. पुढच्याच वर्षीं न्यूमार्केट येथें पाकिस्तानांतून आलेल्या एका कुत्रीची तीच गत झाली. समिति नेमली गेली, १९७१ सालीं तिचा अहवाल आला, सहा महिन्यांची मुदत कायम राहिली, आणि क्वारंटीनमध्यें असतांना लस टोचणेंही सक्तीचें झालें. केवळ काळावर विसंबून चालत नाहीं हें येथें प्रथम उघड झालें. तथापि त्यापासून जो धडा घेतला गेला तो आणखी भिंती उभारण्याचा. १९९४ सालीं समुद्राखालचा बोगदा खुला झाला तेव्हां फ्रान्सचे कोल्हे त्यांतून चालत येतील ह्या धास्तीनें जनावरांस अडविणारीं विजेचीं कुंपणेंही त्यांत बसविलीं होतीं.

वस्तुतः तोंपर्यंत त्या कोल्ह्यांची गोष्ट पार बदलली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पूर्व युरोपांतून निघालेली कोल्ह्यांची साथ वर्षानुवर्षें पश्चिमेकडे सरकत १९६८ सालीं फ्रान्सांत पोंचली होती. तिच्यावर बंदुकीचा व विषाचा उपाय चालला नाहीं. १९७८ सालीं स्वित्झर्लंडांत ऱ्होन नदीच्या खोऱ्यांत तज्ज्ञांनीं कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरून तीं रानांत टाकलीं. कोल्ह्यांनीं मुंडकीं खाल्लीं आणि लस आपसूक त्यांच्या अंगांत गेली. पुढें कारखान्यांत तयार केलेलीं आमिषें विमानांतून टाकण्यांत आलीं, आणि २००१ सालीं फ्रान्स रोगमुक्त म्हणून जाहीर झाला. इंग्रजांचे पिंजरे उघडले ते श्वानप्रेमी मंडळींच्या अर्जविनंत्यांनीं, असें सांगण्याची रीत आहे. त्या श्रेयाचा मोठा वांटा आम्ही ह्या कोंबड्यांच्या मुंडक्यांस देऊं.

अर्थात् अर्जविनंत्या झाल्या, आणि जोरानें झाल्या. राजदूताची पत्नी लेडी फ्रेटवेल ह्यांनीं 'पासपोर्ट्स फॉर पेट्स' ही चळवळ चालविली. हाँगकाँगचे अखेरचे गव्हर्नर ख्रिस पॅटन १९९७ सालीं तें बेट चीनच्या स्वाधीन करून निघाले, तेव्हां त्यांनीं आपले व्हिस्की आणि सोडा हे दोन कुत्रे पिंजऱ्यांत घालण्याऐवजीं फ्रान्समधील आपल्या घरीं ठेविले. राज्य सोडतांना डोळ्यांत पाणी आणणारा गव्हर्नर कुत्रे सोडावयास तयार नव्हता, ह्याची वर्तमानपत्रांनीं बरीच चर्चा केली. वाटाड्या कुत्र्याच्या आधारानें चालणाऱ्या अंधांची तक्रार त्याहून वजनदार होती: परदेशीं जावयाचें तर परत आल्यावर सहा महिने डोळेच काढून ठेवावयाचे. १९९८ सालीं इयन केनेडी ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें पिंजऱ्याऐवजीं दाखल्याची शिफारस केली, आणि २८ फेब्रुवारी २००० रोजीं नवी योजना अमलांत आली.

ह्या योजनेंतील अटींचा क्रम पाहण्यासारखा आहे. प्रथम चिप, मग लस, मग रक्ततपासणी. अनेक मालक हा क्रम किरकोळ समजतात आणि तेथेंच फसतात. चिप बसविण्यापूर्वीं टोचलेली लस खरी असली तरी जमेस धरली जात नाहीं. कारण ती ह्याच कुत्र्यास टोचली हें सिद्ध होत नाहीं. मनुष्य आपलें नांव सांगतो, सही करतो, कुत्र्यास तें शक्य नाहीं, आणि तपकिरी रंगाचा मध्यम बांध्याचा कुत्रा हें वर्णन गांवांतील निम्म्या कुत्र्यांस लागू पडतें. होरीच्या बदलीं दुसरा देतां आला तो ह्यामुळेंच. तांदळाच्या दाण्याएवढी ती कांचेची नळी मानेच्या कातडीखालीं बसली कीं जनावरास ओळख मिळाली. रक्ततपासणीचें कारणही असेंच: टोचलेली लस अंगीं लागलीच असें नाहीं, म्हणून रक्तांतील प्रतिकारद्रव्य दर मिलिलिटरास निदान ०·५ आंतरराष्ट्रीय एकक भरलें पाहिजे. नमुना घेतल्यापासून सहा महिने वाट पाहण्याची अट योजनेंत होतीच. म्हणजे जुना सहा महिन्यांचा काळ सुटला नाहीं, पण तो आतां घरच्या अंगणांत काढतां येऊं लागला.

२००४ सालीं युरोपीय संघानें आपल्या सर्व देशांसाठीं कुत्रीं, मांजरें आणि फेरेट ह्यांचा एकच निळा पासपोर्ट काढला. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत मोरोक्कोहून स्पेनमार्गें बिनकागदी आणलेलें एक पिल्लूं बोर्दो शहरांत पिसाळून मेलें, आणि त्यास हात लावलेल्या माणसांचा शोध घेतां घेतां फ्रेंच सरकारची तारांबळ उडाली. २०१२ सालीं इंग्लंडनें रक्ततपासणीची अट युरोपपुरती काढून टाकली. मुदत लस टोचल्यापासून एकवीस दिवसांवर आली. सोय झाली ती सज्जनांची तशीच दुर्जनांचीही. पूर्व युरोपांतून कोवळीं पिल्लें वयाची खोटी तारीख घातलेल्या पासपोर्टांवर विकावयास येऊं लागलीं. चिप खरी, पुस्तक खरें, शिक्काही खरा, आणि आंतील तारीख मात्र लबाडीची. पिंजऱ्यास लांच देतां येत नसे. कागद लिहिणाऱ्यास देतां येते, हा नव्या पद्धतीचा कच्चा दुवा आहे. पुढें ब्रिटन युरोपीय संघांतून बाहेर पडलें आणि १ जानेवारी २०२१ पासून तेथील मालकांस मिळालेले निळे पासपोर्ट निरुपयोगी झाले. प्रत्येक सफरीस नवा दाखला, आणि तोही निघण्यापूर्वींच्या दहा दिवसांतील.

हिंदुस्थानांतून जाणाऱ्या प्राण्याची गोष्ट ह्या सर्वांहून बिकट. इंग्लंड आणि युरोपीय संघ ह्यांनीं जगांतील देशांच्या याद्या केलेल्या आहेत, आणि भारत त्या याद्यांबाहेर आहे. तेव्हां पुण्याच्या कुत्र्यास चिप, नंतर लस, लसीनंतर निदान तीस दिवसांनीं रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत, आणि नमुन्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणें, असा चार महिन्यांचा प्रपंच पडतो. मग मुंबईच्या सरकारी पशु-क्वारंटीन ठाण्यावर तपासणी व निर्यातीचा दाखला. पॅरिसच्या कुत्र्यास एकवीस दिवस, पुण्याच्या कुत्र्यास चार महिने, हें ऐकून आमच्या कांहीं मित्रांस जुन्या गोऱ्या-काळ्या भेदाचा वास येतो. येथें तरी तो संशय आम्हांस पटत नाहीं. कसौलीस पाश्चर संस्था १९०० सालीं निघाली, तेथें डेव्हिड सेंपल ह्यांनीं मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस पुढें देशभर वापरली गेली, पोटांतील चौदा टोचण्यांची दहशत आमच्या लहानपणीं घरोघर होती, आणि मज्जातंतूंपासून केलेल्या त्या लसीचें उत्पादन २००४ अखेर थांबलें. माणसांस वांचविण्याची विद्या आपणांस शतकभर अवगत आहे. रस्त्यावरील कुत्र्यास लस टोचण्याचें काम मात्र आपण नेटानें केलें नाहीं, आणि हजारों माणसें, त्यांतही मुलें फार, त्यापायीं मेलीं. लंडनचा अधिकारी आपल्या घरच्या लाडक्या टॉमीचा निवाडा करतो तेव्हां तो टॉमीकडे पाहत नसून आपल्या गल्लीकडे पाहत असतो.

काम होण्यासारखें नाहीं असें मात्र कोणीं म्हणूं नये. गोव्यांत 'मिशन रेबीज' ह्या संस्थेनें सरकारच्या साह्यानें गल्लोगल्लीं, जाळें हातीं घेऊन कुत्रे धरून, वर्षानुवर्षें लस टोचली, शाळांतून मुलांस शिकविलें, मेलेल्या संशयित जनावरांची तपासणी केली. २०१८ सालीं तेथें ह्या रोगानें एकही मनुष्य मेल्याची नोंद नाहीं, आणि २०२१ सालीं गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तरीही पणजीहून लंडनास निघालेल्या कुत्र्यास रक्ताच्या नमुन्यापासून तीन महिने थांबावेंच लागतें. अर्जांतील रकाना देशाचा आहे, राज्याचा नाहीं.